ट्रंकवर व्हीलॅन वाढवताना ‘अ‍ॅड’ विसरू नका

इंदुरात विजयनगरच्या ऑफिसात बसून सियागंजच्या गोदामातला सिस्को स्विच (नेटवर्कची उपकरणं एकमेकांना जोडणारा डबा) सेट करत असाल, तर आधी ‘शो व्हर्जन’ चालवा. त्यात दिसेल त्याच मॉडेलचा आणि त्याच आयओएस (स्विचचं सिस्को सॉफ्टवेअर) आवृत्तीचा कमांड रेफरन्स, म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका, उघडा. तिथे कमांड लिहिताना चौकोनी कंसातलं ऐच्छिक, महिरपी कंसातलं आवश्यक, उभ्या रेघेने वेगळं केलेल्यांपैकी एकच. पण खरा माल खाली, डीफॉल्ट आणि वापराच्या सूचनांत असतो. घाईत लोक नेमकं तेच गाळतात.

समजा, ट्रंकवर (एकाच तारेवरून अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर) १० आणि २० हे व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्कं, आहेत आणि ३० वाढवायचाय. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ दिलंत की जुनी यादी जाऊन एकटा ३० उरतो. मॅनेजमेंट, म्हणजे स्विचशी तुमचा दुरून होणारा संपर्क, याच ट्रंकवरून १० वर असेल तर तुमचं सेशन तिथेच तुटतं. मग लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी कन्सोल केबल घेऊन शिरा सियागंजच्या गर्दीत! बरोबर रूप: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०’.

तरी बोट घसरतंच. म्हणून हे काम गोदाम बंद झाल्यावर करा. चालू कॉन्फिगरेशन सेव्ह करा, ‘रीलोड इन १०’ द्या आणि मगच बदल करा. संपर्क तुटला तर १० मिनिटांनी स्विच रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर येतो. मध्ये सेव्ह केलंत तर मात्र चूकच पक्की होते. ‘शो इंटरफेसेस ट्रंक’मध्ये तिन्ही व्हीलॅन दिसले की आधी ‘रीलोड कॅन्सल’, मग ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’.