इंदूर ते रावेरखेडी: मोटारसायकलवरचा निमाडातला एक दिवस कसा आखावा

इंदूरहून महू, जाम दरवाजा (घाटाच्या माथ्यावरची जुनी वेस), मंडलेश्वर, कसरावद आणि बेडिया करत रावेरखेडीला जायचे आणि सनावद, बडवाह, सिमरोल या वाटेने परतायचे, तर एकूण अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरते. महामार्गावर हे अंतर अर्ध्या दिवसाचे आहे. मात्र या वाटेवर दोन घाट आहेत, नर्मदा दोनदा ओलांडावी लागते आणि मधला बराच पट्टा गावरस्त्यांचा आहे, म्हणून पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. २८ एप्रिल १७४० रोजी थोरल्या बाजीरावांचे निधन रावेरखेडीला झाले आणि त्यांची समाधी तिथेच नर्मदाकाठी आहे. इंदूरच्या मराठी माणसाने तिथे एकदा तरी स्वतःच्या गाडीने जावे, असे मला मनापासून वाटते.

वेळेचा हिशेब शेवटाकडून सुरू करावा. परतीच्या वाटेवर बडवाहनंतर भैरव घाट लागतो. तिथे मालवाहू ट्रकांची रांग असते, वळणे आंधळी आहेत आणि अंधार पडल्यावर समोरच्या दिव्यांमुळे रस्त्याची कड दिसत नाही. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा बडवाह दुपारी चारच्या आत सुटलेच पाहिजे. त्यासाठी रावेरखेडीहून अडीचपर्यंत निघावे लागते, मंडलेश्वरचा पूल साडेनऊ-दहापर्यंत ओलांडावा लागतो आणि इंदूर उजाडता उजाडता सोडावे लागते. पोहे-जिलेबी खायची असेल तर ती महूच्या अलीकडेच उरकावी. या हिशेबात महेश्वर बसत नाही. तिथला घाट आणि वाडा कोणत्याही रविवारी पाहता येतो, म्हणून त्या दिवशी मंडलेश्वरहूनच नदी ओलांडावी, असे माझे मत आहे.

गाडीची तयारी आदल्या संध्याकाळी करावी, पण हवा मात्र सकाळी टायर थंड असतानाच तपासावी, कारण चालून तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि अंदाज चुकतो. चेन सामानासह, शक्य असल्यास कुणाला तरी गाडीवर बसवून पाहावी, कारण रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन वजन पडताच ताणली जाते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तो ताण स्प्रॉकेटला (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चक्राला) आणि बेअरिंगला सोसावा लागतो. किती ढील ठेवायची ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. क्लचची एक जादा केबल, ट्यूब, प्लग, फ्यूज आणि मागचे चाक उघडणारा पाना सोबत असावा. गावात पंक्चरवाला मिळतो, पण आपल्या मापाची ट्यूब त्याच्याकडे असेलच असे नाही. जड सामान खाली आणि शक्य तितके पुढे बांधावे. पेट्रोलची टाकी महूला पूर्ण भरावी आणि पुढे अर्धी झाली की पहिल्याच पंपावर पुन्हा भरावी.

जाम दरवाजा अहिल्याबाई होळकरांनी १७९१ मध्ये बांधला. इथे माळव्याचे पठार संपते आणि खाली निमाड पसरलेले दिसते. उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली घ्यावा आणि इंजिनाच्या ओढीवर गाडी उतरवावी, कारण सतत दाबलेला ब्रेक तापून पकड सोडतो. वळणाच्या आतल्या बाजूला बारीक खडी साचलेली असते. त्यावर गाडी असेल तेव्हा पुढचा ब्रेक मुळीच दाबू नये, वेग वळणाच्या आधीच कमी करून घ्यावा. सुट्टीच्या दिवशी दरवाज्याजवळ तरुणांची गर्दी आणि रस्त्यावर उभ्या केलेल्या गाड्या असतात, तिथून हळूच पुढे जावे.

कसरावद ते बेडिया या पट्ट्यात सर्वाधिक सावध राहावे. कापसाने काठोकाठ भरलेल्या ट्रॉलीला मागचा दिवा बहुधा नसतो आणि वळताना ती कुठलाही इशारा देत नाही. म्हणून ट्रॅक्टर हळू झाला की त्याला ओलांडण्याआधी उजवीकडे शेताची वाट आहे का ते पाहावे. गाय किंवा म्हैस रस्ता ओलांडत असेल तर तिच्या शेपटीकडून जावे, कारण घाबरलेले जनावर सहसा पुढेच धावते, मात्र वासरू मागे राहिले असेल तर थांबणेच योग्य. हिवाळ्यात याच वाटेवर नर्मदा परिक्रमेचे यात्रेकरू भेटतात. नदी उजव्या हाताला ठेवून चालण्याचा नियम असल्यामुळे दक्षिण तटावर ते पश्चिमेकडे जात असतात, म्हणजे आपल्याला ते समोरून येताना दिसतात. त्यांच्याजवळ हॉर्न न वाजवता वेग उतरवावा आणि ‘नर्मदे हर’ म्हणून पुढे जावे. बेडियाच्या आसपास मोकळ्या जागेत लालभडक मिरची वाळत घातलेली दिसते. वारा त्या बाजूने येत असेल तर घसा धरतो आणि डोळ्यांना पाणी सुटते, म्हणून हेल्मेटची काच आधीच खाली घ्यावी.

पावसाळ्यात ही फेरी करूच नये. काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर येतो आणि त्यावर दुचाकी धरत नाही. शिवाय नर्मदेला पूर आला की सनावद आणि बडवाहच्या मधला मोरटक्क्याचा पूल वाहतुकीसाठी बंद केला जातो आणि परतीची वाटच उरत नाही. एखाद्या रपट्यावरून (ओढ्यावरच्या ठेंगण्या फरशी पुलावरून) पाणी वाहत असेल व खालचा रस्ता दिसत नसेल, तर ते घोटाभर वाटले तरी गाडी घालू नये.

दर तासाभराने उतरून पाणी प्यावे. दुपारचे जेवण हलके ठेवावे. ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली तर उत्तमच, पण दाल-बाफले (वरणासोबतचे तुपात बुडवलेले कणकेचे गोळे) खाऊन लगेच गाडी चालवल्यास डोळे मिटू लागतात.

बडवाहला पोहोचेपर्यंत पाच वाजून गेले, तर घाट चढण्याचा विचार सोडून द्यावा, घरी फोन करावा आणि रात्री तिथेच मुक्काम करून सकाळी उजाडल्यावर निघावे.