पश्चिमेच्या खिडकीला पडदा कुठून लावायचा?

परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे जातो, आणि पश्चिमेची खिडकी दुपारनंतर अख्खी खोली तापवते. आतला जाड पडदा इथं अर्धंच काम करतो. ऊन काचेतून आत आलेलं असतं, मग पडदाच तापून बसतो. म्हणून बांबूच्या कामट्यांचा पडदा बाहेरून टांगा, काचेपासून 3-4 इंच सोडून, म्हणजे मधली गरम हवा वर निघून जाईल. वाऱ्यानं आपटू नये म्हणून खालची टोकं बांधा.

आत फिकट सुती पडदा पुरे. गडद मरून रंगाची हौस पूर्वेच्या खोलीत भागवा! रॉड चौकटीच्या 6 इंच वर, दोन्हीकडे 8 इंच जास्त घ्या. पडदा सारला की काच पूर्ण मोकळी होते, खोलीही उंच वाटते. सुती कापड आटतं, शिवण्याआधी धुऊन घ्या.