चाकूचं पाणी उतरवणाऱ्या या चुका टाळा, आणि निळं पातं पॉलिश करून माझ्याकडे आणू नका

दर पंधरा दिवसांनी कोणीतरी येतं, खिशातून चाकू काढतं आणि म्हणतं, दादा याला धारच टिकत नाहीये, आत्ता परवाच ग्राइंडरवर लावून घेतली होती. मी काही न बोलता पातं खिडकीकडे तिरकं धरतो. टोकाशी निळसर जांभळी झाक दिसली की पुढची कथा मला पाठ आहे. भिया, तू धार नाही लावलीस, तू पातं भाजलंस.

मी इंदोरला सांवेर रोडवर एका टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली, आता घरामागे एक टेबल, एक वाइस आणि तीन-चार दगड घेऊन बसतो. चाकू विकत नाही, फक्त ओळखीपाळखीच्यांना धार लावून देतो. त्यामुळे माझं बोलणं थोडं कडू लागलं तर समजून घ्या, एकच चूक शंभरदा बघितली की माणूस असा होतो.

आधी हे नीट समजून घ्या, नाहीतर बाकीचं सगळं वाया. पातं बनवताना स्टील लाल करून एकदम थंड करतात, त्याने ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं, मग ते पुन्हा साधारण 200 डिग्रीच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. याला टेंपर म्हणतात, आणि या सगळ्या कामाला मिळून जुनी माणसं पाणी देणं म्हणायची. आता तुम्ही नंतर कधीही त्या टेंपरच्या वर तापमान नेलं की कडकपणा उतरायला लागतो, आणि पातं गार झालं म्हणून तो परत चढत नाही. साध्या कार्बन स्टीलवर रंगच सांगतात किती तापलं ते: 210-220 ला पेंढ्यासारखा फिका पिवळा, 255 च्या आसपास तपकिरी, 280 ला जांभळा आणि 300 ला निळा. 60 रॉकवेलचं (रॉकवेल म्हणजे कडकपणा मोजायचं माप) पातं निळं झालं म्हणजे 55 च्या घरात आलं समजा. आकडा बघून पाचच तर उतरले असं वाटेल, पण वापरताना हा फरक आठवडाभर टिकणारी धार आणि संध्याकाळपर्यंत टिकणारी धार असा असतो.

मोठी चूक: ग्राइंडर

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण ही चूक मी स्वतः केलीय.

आयटीआय झालं होतं, अप्रेंटिस होतो, हातात मशीन आल्याचा माज होता. माझे काका मिलमध्ये साचाखात्यात होते, त्यांच्याकडे शिंगाच्या मुठीचा एक खिशातला चाकू होता, सूत कापायला, पेरू कापायला, पेन्सिलीला टोक करायला, सगळ्याला तोच. पातं झिजून बोटाएवढं राहिलेलं पण धार अशी की कागद हवेत कापायचा. टोक थोडं मोडलं म्हणून त्यांनी मला दिला आणि म्हणाले, हळू घे रे, घाई नाहीये. मी म्हटलं दोन मिनिटांचं काम. बेंच ग्राइंडरचं चाक मिनिटाला 2,800 फेरे घेतं, त्यात आमचं चाक ग्लेझ झालेलं, म्हणजे कापायच्या ऐवजी नुसतं घासत होतं, आणि मी टोक दाबून धरलं. ठिणग्या मस्त उडत होत्या. एक सेकंद, दीड सेकंद. टोकावर आधी पिवळं आलं, मग डोळ्यांदेखत तपकिरी, जांभळं, आणि मोराच्या गळ्यासारखा निळा पट्टा टोकापासून मुठीकडे सरकायला लागला. मी घाबरून बुचकन पाण्याच्या डब्यात बुडवलं. चुर्रर्र झालं, मला वाटलं वाचलं.

आमचे उस्ताद मागे उभे होते. एक शब्द बोलले नाहीत, खिशातून छोटी कानस काढली आणि काकांच्या चाकूच्या टोकावर अलगद फिरवली. कानस चावली, चरचर करत बारीक भुगा पडला, म्हणजे तिथलं स्टील नरम. मग मुठीजवळ फिरवली, तिथे काचेवरून सरकावी तशी सुळ्ळकन निघून गेली. म्हणाले, ‘पानी उतर गया इसका। अब डब्बे में डालो चाहे नर्मदा जी में।’

हे वाक्य मी आजही लोकांना ऐकवतो. पाण्यात बुडवायचं ते तापण्याच्या आधी, रंग आल्यावर नाही. रंग आला म्हणजे जे व्हायचं ते होऊन गेलं.

धारेचा भाग अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ असतो, त्यात उष्णता गेली की पुढे पसरायला लोखंडच नसतं. पाठीकडे बोट ठेवून तुम्हाला कोमट लागत असतं आणि धार तोवर भाजलेली असते. म्हणून माझी सवय सांगतो. एक तर खिशातल्या चाकूला मी पॉवर टूल लावतच नाही. लावावंच लागलं, समजा टोक मोडलंय, तर हातमोजा न घालता, अंगठा शक्य तितका धारेच्या जवळ, पात्यावर पाण्याचा थेंब ठेवून, एक घासणी आणि डब्यात, एक घासणी आणि डब्यात. थेंब वाळायला लागला की थांबायचं. चाक आधी ड्रेस करून, म्हणजे वरचा गुळगुळीत थर खरवडून, घ्यायचं. आणि हे जे चार इंची अँगल ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावून चाकू चमकवतात ना, मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे असतात त्याचे, तो प्रकार फॅब्रिकेशनच्या गेटसाठी आहे, चाकूसाठी नाही. पायडल मारत येणाऱ्या सायकलवाल्याचा मला राग नाही, त्याचं चाक पायाने जितकं फिरेल तितकंच फिरतं. राग मोटर लावून घाईत ओढणाऱ्यांचा आहे, आणि त्याहून जास्त बाजूला उभं राहून ‘जल्दी करो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांचा.

निळेपणा पॉलिशने घालवणं

रंग म्हणजे वरचा ऑक्साइडचा थर, मायक्रॉनहूनही पातळ. पॉलिश पेपरने दोन मिनिटांत जातो. आतलं नरम स्टील तिथेच राहतं. काही जण पॉलिश करून मला आणून देतात आणि वर म्हणतात काहीच केलं नाही. कानस खोटं बोलत नाही.

गॅसवर तापवून दोरी कापणं

हा आमच्या घरातलाच किस्सा. गणपतीत मंडपाला फ्लेक्स बांधायला नायलॉनची दोरी लागते, ती साध्या चाकूने कापली की टोकं पिंजतात, म्हणून भाच्याने माझाच चाकू किचनमध्ये गॅसवर धरला. तापलेल्या पात्याने दोरी कापायची, टोक आपोआप वितळून बंद होतं, आयडिया वाईट नाही, चाकू वाईट निवडला. एलपीजीची ज्योत 1,900 डिग्रीपर्यंत जाते, पातळ पात्याला दहा सेकंद पुरतात. आणि त्याने एक दोरी नाही, अख्खं बंडल कापलं. मी आलो तेव्हा पातं राखाडी झालेलं, मुठीचं प्लॅस्टिक फुगलेलं, आणि पातं उघडताना जो खटका येतो तो गायब, कारण पाठीमागची स्प्रिंगपण स्टीलच असते आणि मुठीच्या आतून तीही तापली होती. मी ओरडणार तर म्हणतो, ‘मामा, पण स्टेनलेस आहे ना, स्टेनलेसला काय होतं?’

होतं बाबा. स्टेनलेसवर हे रंग कार्बन स्टीलपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला येतात, म्हणजे रंग दिसायला लागेपर्यंत मूळ टेंपर कधीच ओलांडलेलं असतं. शिवाय असा भाजलेला स्टेनलेसचा भाग नंतर गंजतो. त्या चाकूवर पुढच्या पावसाळ्यात बरोबर भाजल्या जागी तांबूस ठिपके आले. दोरीसाठी हॅकसॉ ब्लेडचा तुटका तुकडा ठेवा, त्याला चिंधी गुंडाळा आणि खुशाल तापवा. दोरी साधी कापून टोकं लायटरने वितळवली तरी चालतं, मी तेच करतो.

याच जातीतले बाकीचे उद्योग: कलम करताना पातं ज्योतीत धरून निर्जंतुक करणं (स्पिरिटने पुसा), जानापावच्या डोंगरावर ट्रिपला चाकूने सिगडीतले निखारे सारणं, चाकूच्या टोकावर भुट्टा टोचून भाजणं, पातं ज्यावर फिरतं ती पिन जाम झाली तर सैल करायला लायटर लावणं. पिनला तेलाचे दोन थेंब टाका आणि रात्रभर ठेवा, सकाळी निघेल.

उलट ज्याची लोक उगाच काळजी करतात ते म्हणजे उकळतं पाणी आणि उन्हात उभी गाडी. 100 डिग्रीने पात्याला काही होत नाही. लाकडाची किंवा शिंगाची मूठ मात्र तडकते.

खरंच भाजलंय का ते कसं कळेल

धार टिकत नाही म्हणजे दर वेळी उष्णताच असते असं नाही. निम्म्या वेळा धारेवर तार, म्हणजे घासताना कडेला वळलेली बारीक कोर, राहिलेली असते, ती पहिल्या दोन-चार कापांत दुमडते आणि वाटतं पातं नरम. म्हणून आधी तार काढा, पॅन्टच्या जुन्या चामडी पट्ट्यावर आठ-दहा हात, मग पुठ्ठा कापून बघा. तरी धार लोळत असेल तर बारीक कानस घ्या आणि अगदी हलक्या हाताने, आधी मुठीजवळ आणि मग टोकाकडे. दोन्हीकडे सारखी सरकली तर पातं ठीक, तुमचा धार लावायचा हात कच्चा. टोकाकडेच चावली तर भाजलंय.

आणखी एक. नवीन चाकूची पहिली धार कधी कधी टिकत नाही, कारण कारखान्यात मशीनच्या फिरत्या घासपट्ट्यावर धार काढताना अगदी कडेचा केसाएवढा भाग तापलेला असू शकतो. दगडावर दोन-तीनदा धार लावली की तो भाग निघून जातो आणि चाकू सुधारतो. पहिल्याच आठवड्यात कंपनीला शिव्या देऊ नका.

आता काय करायचं

भाजलेला भाग फक्त टोकाचा एक-दोन मिलिमीटर असेल तर तो घासून काढून टाकायचा, हाताने, पाणी टाकत, 400 नंबरच्या जाड दगडावर, मग 1,000 च्या बारीक दगडावर. तास-दीड तास लागतो, मधे चहा घ्या. काकांचा चाकू मी असाच दोन रविवार घासला, टोक आखूड झालं, काका म्हणाले आता पेरू कापायला उलट बरं पडतं. अख्खं पातं निळं किंवा राखाडी असेल तर मी सरळ सांगतो, याचा पार्सलं फोडायचा चाकू करा.

व्हिडिओ बघून घरी पुन्हा पाणी द्यायच्या भानगडीत पडू नका. कार्बन स्टीलला 800 च्या आसपास न्यावं लागतं, तेही सगळीकडे सारखं, मग तेलात, मग लगेच दोन तास 200 वर टेंपर, आणि त्याआधी चाकू पूर्ण खोलून पातं वेगळं करावं लागतं. स्टेनलेसला तर 1,000 च्या वर लागतं, ते गॅसच्या बर्नरवर होत नाही. मधेच सोडलेलं काम सगळ्यात वाईट, लाल करून पाण्यात टाकलेलं आणि टेंपर न केलेलं पातं हातातून पडलं तरी तुटतं.

मागच्या मे मध्ये शेजारच्या काकू धावत आल्या, अहो बघा ना, नवा कार्बनचा चाकू, गॅसजवळ नेलासुद्धा नाही आणि निळा पडला. बघितलं तर ढगासारखे वेडेवाकडे निळे-करडे डाग, पट्टा कुठेच नाही, कानस सुळ्ळकन सरकली. विचारलं, काय कापलंत? लोणच्याच्या पाच किलो कैऱ्या. आंबटाने कार्बन स्टील असं रंगतंच, त्याला काही करायचं नसतं, पुसून कोरडं ठेवायचं. पैसे नाही घेतले, बरणी मुरल्यावर एक वाटी लोणचं आलं.