‘येस, चीफ’ : बोटीवर पहिल्यांदा चीफ मेट होणाऱ्यांसाठी

मोम्बासाला डिझेल उतरवून आम्ही रिकाम्या टाक्या घेऊन परत आखाताकडे निघालो होतो. पुढचा माल विमानाचं इंधन, म्हणून टाक्या धुऊन, गॅस काढून, आत उतरून डोळ्यांनी तपासायच्या होत्या. चीफ मेट, म्हणजे कप्तानाखालचा, माल आणि डेक सांभाळणारा अधिकारी, म्हणून माझं ते पहिलंच कॉन्ट्रॅक्ट. सकाळी साडेसातला टूलबॉक्स मीटिंग, म्हणजे कामाआधीची छोटी बैठक, घेतली, कोणी काय करायचं ते सांगितलं, परमिट, म्हणजे टाकीत उतरायचा लेखी परवाना, सगळ्यांसमोर ठेवलं आणि विचारलं, “समजलं सगळ्यांना?” बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा फिलिपिनो मुकादम, म्हणाला, “येस, चीफ.” पंपमन, एबी (अनुभवी खलाशी), ओएस (नवखा खलाशी), सगळ्यांच्या माना हलल्या.

तेवढ्यात गॅस मीटर घेऊन थर्ड मेट, माझ्या हाताखालचा ज्युनियर अधिकारी, आला. युक्रेनचा, पंचविशीतला पोरगा. त्याने कागद वाचला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “चीफ, हे चूक आहे. चार स्टारबोर्डमध्ये अजून गॅस आहे. तयार आहे ती चार पोर्ट.” माझे कान तापले. “तू आधी तुझं काम बघ,” असं मी त्याला ताडकन बोललो. मग कागद पाहिला. पोर्टच्या, म्हणजे डावीकडच्या टाकीच्या जागी मीच स्टारबोर्ड, म्हणजे उजवीकडची, लिहिलं होतं.

परमिट फाडलं, नवं लिहिलं, काम झालं. पण दिवसभर एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. आदल्या रात्रभर त्या टाक्यांवर पंखे लावणारा माणूस बोसनच होता. कुठल्या टाकीत गॅस आहे हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी तो “येस, चीफ” का म्हणाला? रात्री जेवण झाल्यावर मी त्याच्या केबिनचं दार वाजवलं. त्याने आधी मला बसायला खुर्ची दिली, कॉफी केली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाला, “मला दिसलं होतं, चीफ. पोरांसमोर कसं सांगणार? मी त्यांना पोर्टच्याच टाकीत नेलं असतं.”

माझा मान राखायचा आणि माणसंही सांभाळायची, अशी त्याने मनात सोय लावून ठेवली होती. चोवीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस होता, त्याला ते जमलंही असतं. पण त्याच्या जागी एखादा नवा एबी असता तर तो कागदावर लिहिलेल्या टाकीकडे गेला असता. ऑक्सिजन कमी असलेल्या टाकीत माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला मागोमाग उतरणाराही तिथेच पडतो. बंद जागेतल्या अपघातांत वाचवायला गेलेल्यांचेच बळी किती जातात, हे तुम्ही कोर्समध्ये शिकलाच असाल.

तुमच्यापैकी जे तिकीट, म्हणजे पात्रतेचं प्रमाणपत्र, काढून पहिल्यांदा चीफ मेट म्हणून साइन ऑन करणार, म्हणजे बोटीवर रुजू होणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कार्गो, स्टॅबिलिटी, बॅलास्ट यांची पुस्तकं भरपूर आहेत. पण चार-पाच देशांची वीस-पंचवीस माणसं, महिनोन्महिने, एका लोखंडी घरात तुमच्या शब्दावर काम करणार असतात, त्याची तयारी करून घेणारं माझ्या वेळी फारसं कोणी भेटलं नाही.

फिलिपिनो माणसाच्या त्या ‘येस’बद्दल आधी सांगतो, कारण जगात तुम्ही कुठल्याही कंपनीच्या बोटीवर गेलात तरी डेकवर बहुधा फिलिपिनो भेटणारच. त्यांच्या भाषेत वडीलधाऱ्यांना होकार द्यायचा तर साधं ‘हो’ चालत नाही, ‘ओपो’ म्हणावं लागतं. थोरल्या भावाला किंवा भावासारख्या माणसाला ‘कुया’ म्हणतात, आपल्या ‘दादा’सारखं. आणि ‘हिया’ नावाची एक भावना आहे. लाज, संकोच, चारचौघांत आपला किंवा दुसऱ्याचा पाणउतारा होण्याची धास्ती, असं सगळं त्या एका शब्दात येतं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मी कॅडेट असताना कप्तानाने काहीही विचारलं की ‘होय साहेब’ म्हणायचो, न समजताच. घरी आजोबांसमोर ‘नाही’ म्हणायची पद्धत नव्हती, ती बोटीवर एकदम कुठून येणार? आमच्या रत्नागिरीकडची कितीतरी माणसं इंग्रजांच्या बोटींवर खलाशी होती, सारंग होती. साहेबासमोर मान हलवण्याची सवय पिढ्यांची आहे. म्हणून म्हणतो, त्या ‘येस, चीफ’चा अर्थ मराठी माणसाला सगळ्यात आधी कळायला हवा होता. मला कळला नाही, कारण तोवर मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो होतो.

ही नुसती मनाला लावून घेण्याची बाब नाही. २८ फेब्रुवारी २००४ ला अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘बो मरिनर’ हा केमिकल टँकर स्फोट होऊन बुडाला. २७ जणांपैकी ६ वाचले. वरचे अधिकारी ग्रीक, बाकीचे फिलिपिनो. कप्तानाच्या हुकमावरून रिकाम्या टाक्यांची झाकणं उघडली गेली होती. त्या टाक्यांत आधीच्या मालाची ज्वालाग्राही वाफ होती. अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशी अहवालात कारणांबरोबर त्या बोटीवरच्या वातावरणाचंही वर्णन आहे: दोन गटांत अविश्वास होता, आणि हुकूम नियमांविरुद्ध असला तरी तो निमूट पाळला जात होता. माझ्या त्या चुकीच्या परमिटनंतर मी तो अहवाल परत काढून वाचला. शिकताना वाचला होता तेव्हा स्फोटाचं रसायनशास्त्र लक्षात राहिलं होतं. या वेळी माणसं दिसली.

मग मी काय बदललं? “समजलं का?” हा प्रश्न टाकून दिला. त्याला जगात एकच उत्तर मिळतं. आता मी विचारतो, “आत उतरण्याआधी पहिलं काय करणार?” किंवा “मीटरवर किती आकडा दिसला तर थांबायचं?” आणि हे बोसनला नाही, सगळ्यात ज्युनियर ओएसला विचारतो. तो अडखळला तर पंपमन त्याला मदत करतो, आणि त्या बोलण्यातून मला कळतं की माझं कुठलं वाक्य कोणाला पोचलंच नव्हतं. दुसरं, मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी मी बोसनबरोबर दहा मिनिटं बसतो. उद्याचं काम सांगतो आणि विचारतो, “यात काय फसू शकतं?” “काही चुकतंय का?” असं विचारलं तर तो “नो, चीफ” म्हणेल, कारण त्याचा अर्थ ‘माझं काही चुकतंय का’ असा होतो. काय फसू शकतं, असं विचारलं की तो कामाबद्दल बोलू लागतो. त्या दहा मिनिटांत मला जितकं शिकायला मिळालं तितकं कुठल्या वर्गात मिळालं नाही.

तिसरी गोष्ट करायला मला सगळ्यात जड गेली. दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी सर्वांसमोर त्या थर्ड मेटचे आभार मानले आणि काल मी त्याच्यावर ओरडलो ते चुकलं, असं सांगितलं. खोलीत एकदम शांतता झाली. बोसन खाली बघत होता. मला वाटलं, आपण स्वतःचं वजन घालवलं. पण आठवडाभरात एका एबीने मुरिंगच्या वेळी, म्हणजे बोट धक्क्याला बांधताना, रेडिओवर सांगितलं, “चीफ, दोर झिजलाय, दुसरा द्या.” त्याआधी तो दोर तसाच वापरला गेला असता.

युक्रेनी, रशियन मंडळींशी वागताना उलटी अडचण येते. ते सरळ बोलतात. “हे चूक आहे,” एवढंच. पुढे-मागे ‘सर’ नाही, ‘मला वाटतं’ नाही. आपल्या कानांना ते उद्धट लागतं. त्या पोराशी नंतर बोललो तेव्हा त्याला माझ्या रागाचं कारणच कळलं नव्हतं. त्याच्या लेखी त्याने मला मदत केली होती, आणि ती आडवळणाने केली असती तर तो अपमान ठरला असता. अर्थात, देशावरून माणूस ओळखू नका. पुढच्या एका बोटीवर मला अत्यंत फटकळ फिलिपिनो फिटर भेटला आणि आठ-आठ दिवस तोंड न उघडणारा ओदेसाचा इलेक्ट्रिशियन. देशाची माहिती पहिल्या आठवड्यापुरती कामाला येते, त्यानंतर समोरचा माणूस पाहायचा असतो.

आता जेवणाबद्दल. बोटीवरची निम्मी भांडणं गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, सुरू होतात, आणि याकडे मेटने दुर्लक्ष करू नये. सागरी कामगारांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला आपण एमएलसी म्हणतो, त्यात स्पष्ट लिहिलं आहे की अन्न फुकट हवं, पुरेसं हवं, आणि माणसांच्या धार्मिक-सांस्कृतिक सवयी लक्षात घेऊन दिलेलं हवं. फिलिपिनो माणसाला तिन्ही वेळा भात लागतो, नाश्त्यालाही. युक्रेनी माणसाला सूप आणि ब्रेड नसेल तर तो जेवलाच नाही. आपले शाकाहारी लोक दोन महिने बटाट्यावर काढतात आणि तक्रार करत नाहीत, मग एक दिवस भडकतात. एका कॉन्ट्रॅक्टमध्ये रत्नागिरीचा एक मुस्लिम ऑइलर होता. रमजानात इंजिनरूममधलं तापमान चाळिसाच्या वर, आणि तो रोजा धरायचा. कुकने स्वतःहून त्याच्यासाठी पहाटेचं ताट झाकून ठेवायला सुरुवात केली, सेकंड इंजिनिअरने त्याची अंगमेहनतीची कामं संध्याकाळनंतर लावली. कोणाला हुकूम द्यावा लागला नाही. मी फक्त महिना सुरू होण्याआधी आठवडाभर ही गोष्ट त्या दोघांच्या कानावर घातली होती. वेळेवर सांगणं, एवढंच माझं काम होतं.

मीही रविवारी दुपारी क्रू मेसमध्ये जेवायला जाऊ लागलो. पहिल्या दोन रविवारी सगळे गप्प झाले. तिसऱ्या रविवारी कुकने सिनिगांग, म्हणजे चिंचेचं आंबट फिलिपिनो सूप, वाढलं आणि मी म्हणालो, हे तर आमच्या सारासारखं लागतं. मग सार म्हणजे काय, कोकम म्हणजे काय, यावर अर्धा तास गेला.

भाषेबद्दल माझी एक चूक सांगतो, कारण आपल्याकडची बहुतेक मंडळी ती करतात. कप्तान भारतीय, सेकंड मेट भारतीय, मी भारतीय. जेवताना आम्ही सहज हिंदीत बोलायचो. काही दिवसांनी लक्षात आलं की युक्रेनी चीफ इंजिनिअर ताट घेऊन केबिनमध्ये जातो. आमच्या बोलण्यात त्याच्याबद्दल काही नव्हतं, पण त्याला ते कसं कळणार? बोटीची कामकाजाची भाषा ठरवून लॉगबुकात नोंदवावी लागते, हा सोलासचा, म्हणजे समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नियम आहे, आणि रेडिओवर बोलायची ठराविक वाक्यं आयएमओने, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, २००१ मध्येच नेमून दिली आहेत. नियम कामापुरता आहे. जेवणाच्या टेबलावर इंग्रजी बोलायची शिस्त आपणच आपल्याला लावावी लागते. कॅडेट मराठी असेल तर त्याच्याशीही डेकवर मराठीत बोलू नका, कितीही ओठांवर आलं तरी. बाकीच्यांना वाटतं, हा चीफचा माणूस. मराठी केबिनमध्ये बोला, पोटभर बोला.

२४ फेब्रुवारी २०२२ ची सकाळ मी विसरू शकत नाही. तो गप्प इलेक्ट्रिशियन ओदेसाचा आणि सेकंड इंजिनिअर रशियन. आदल्या रात्री दोघं एका टेबलावर जेवले होते. मी आणि कप्तान प्रत्येकाशी वेगळे बोललो. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “त्याच्याशी माझं भांडण नाही. पण त्याच्यासमोर बसून घास उतरणार नाही.” आम्ही जेवणाच्या वेळा बदलल्या, घरी फोन आणि इंटरनेट वापरायची मर्यादा काढून टाकली, आणि स्मोक रूममध्ये बातम्या लावायच्या नाहीत असं बाकीच्यांनी आपण होऊन ठरवलं. समेट घडवायला मी गेलो नाही. तुम्हीही जाऊ नका, तो आपला अधिकार नाही. दहा-बारा दिवसांनी जनरेटर बंद पडला तेव्हा दोघांनी रात्री चार तास एकत्र काम केलं, फक्त कामापुरतं बोलत. मी त्याहून जास्त मागितलं नाही.

एक गोष्ट कागदावर दिसत नाही, पण टीमला आतून पोखरते: सगळ्यांची कॉन्ट्रॅक्टं सारखी नसतात. युरोपियन अधिकारी अनेकदा चार महिन्यांनी घरी जातो, फिलिपिनो एबी नऊ महिने राहतो. त्याच बोटीवर, शेजारच्या केबिनमध्ये. पगारही देशानुसार वेगळे. हे बदलणं मेटच्या हातात नसतं, पण आठव्या महिन्यातल्या माणसाला पहिल्या महिन्यातल्या माणसाइतका उत्साह का नाही, असं विचारणं तरी टाळता येतं. २४ तासांत १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा नियम सगळ्यांना एकच आहे. ते तास रजिस्टरमध्ये खरे लिहा. तुम्ही खोटे तास लिहायला सांगितलेत, की त्या दिवसापासून तुमच्या प्रत्येक शब्दाला फक्त ‘येस, चीफ’ मिळेल.

बोट सोडताना मी नव्या मेटसाठी हँडओव्हर नोट्स लिहितो. पंप, व्हॉल्व्ह, गळणारं बॅलास्ट पाइप, सगळं असतंच. शेवटी एक पान मी त्या माणसांना विचारून जोडतो. कोणाचा कितवा महिना चालू आहे, कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोण काय खात नाही. कोणाला चूक दिसली तर तो लगेच बोलतो, आणि कोणाला रात्री केबिनमध्ये जाऊन विचारावं लागतं. तुम्ही साइन ऑन कराल तेव्हा असं पान मिळालं नाही, तर गँगवे, म्हणजे धक्क्यावर उतरायची शिडी, काढण्याआधी जुन्या मेटला तोंडीच विचारून घ्या. पंपाचं मॅन्युअल नंतरही वाचता येतं.