लांब पल्ल्यावरच्या हरणासाठी काडतूस निवडताय? या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला की फोन सुरू होतात. "यंदा म्यूल डिअरचं लायसन्स लागलंय, कुठलं काडतूस घेऊ?" विचारणारे बहुतेक आपलेच, कोलोरॅडोत डेन्व्हरच्या आसपास नोकरी करणारे मराठी लोक. म्यूल डिअर म्हणजे इथलं मोठ्या कानांचं हरीण. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली, त्यामुळे यांच्यातल्या बहुतेकांच्या घरात कुणी रायफल धरलेली नसते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीनं. सहा महिने स्कोपचे (रायफलवरच्या दुर्बिणीचे) व्हिडिओ बघतात, रायफलवर दोन पगार घालवतात आणि काडतूस मात्र शेवटच्या शनिवारी दुकानात जे उरलं असेल ते उचलतात.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपण मराठीत काडतुसालाही गोळी म्हणतो. काडतूस म्हणजे पितळी खोळ, आतली दारू, बुडाचा प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) आणि पुढची गोळी, सगळं मिळून. डब्यावर १४३ ग्रेन लिहिलेलं असतं ते फक्त पुढच्या गोळीचं वजन. दारूचं नव्हे. ग्रेन म्हणजे किती हे डोळ्यांपुढे येत नसेल तर इंग्रजी अमदानीतला तोळा आठवा, तो बरोबर १८० ग्रेनचा होता. थर्टी-नॉट-सिक्स या काडतुसाची १८० ग्रेनची गोळी म्हणजे पणजीच्या हिशेबानं तोळाभर.

टार्गेटचा डबा घेऊन शिकारीला जाणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण तिच्यात मीही सामील होतो.

काही वर्षांपूर्वी एका धाकट्या मित्राला घेऊन क्रेगच्या बाजूला गेलो होतो. वायव्य कोलोरॅडोतलं सेजब्रशच्या झुडपांचं माळरान, ऑक्टोबरची कोरडी थंडी. त्याची रायफल ६.५ क्रीडमोर या काडतुसाची. रेंजवरचा कागद त्यानं मला कौतुकानं दाखवला होता, १०० यार्डांवर तीन भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी. मी कागद बघितला, शाबासकी दिली. डबा बघितला नाही.

सकाळी साडेनऊला ३०० यार्डांपलीकडे नर उभा राहिला, आडवा, निवांत. मित्रानं घोडा ओढला. हरीण किंचित दचकलं आणि चालत उताराआड गेलं. "दादा, चुकला का?" चुकला नव्हता. हरीण उभं होतं तिथे वाळलेल्या गवतावर रक्ताचे तीन थेंब होते, तांदळाएवढे. पुढे चाळीस पावलांवर आणखी एक. मग काहीच नाही. दिवसभर आम्ही वाकून, कधी गुडघ्यांवर, खुरांच्या ठशांमागे फिरलो. सूर्यास्तानंतर जेमतेम अर्धा तास गोळी झाडायची कायदेशीर मुभा असते. त्यातली शेवटची दहा मिनिटं उरली असताना एका ओहोळात ते सापडलं. जिवंत होतं, मान वर करून आमच्याकडे बघत होतं. दुसरी गोळी मीच झाडली.

सोलताना कळलं. पहिली गोळी छातीतून, पण बरीच मागून, सुईसारखी आरपार गेली होती. आत शिरायचं भोक आणि बाहेर पडायचं भोक सारखंच. रात्री गाडीच्या दिव्यात डबा काढायला लावला, त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: मॅच. म्हणजे नेमबाजीच्या स्पर्धेसाठीची.

मॅच गोळीच्या टोकाला बारीक भोक दिसतं, म्हणून नवशिक्यांना ती पसरणारी वाटते. तसं नसतं. ते भोक गोळी बनवण्याच्या पद्धतीमुळे राहतं. कागदावर भोकं जवळजवळ पडावीत एवढंच तिचं काम. हरणात ती कधी सुईसारखी निघून जाते, कधी वरच्यावरच फुटून चुरा होते आणि यातलं काय होईल ते आधी सांगता येत नाही. शिकारीची गोळी मात्र आत गेल्यावर ठरल्यासारखी उमलते आणि तरी एकसंध राहते. उलटा अनुभव शिकारी जॉन नोस्लरना १९४६ मध्ये आला. त्यांच्या गोळ्या मूस या दांडग्या हरणाच्या चिखलानं माखलेल्या अंगात खोल जाईनात, म्हणून त्यांनी मधे भिंत असलेली पार्टिशन गोळी बनवली. ती अजून विकली जाते.

कोलोरॅडोचा नियमही हेच सांगतो. हरणासाठी रायफल निदान .२४ कॅलिबरची (नळीचं भोक .२४ इंच) हवी, गोळी निदान ७० ग्रेनची आणि पसरणारी, शिवाय १०० यार्डांवर १००० फूट-पाउंड ऊर्जा हवी. आता माझी सवय झालीये: सोबत येणाऱ्याचा डबा आधी हातात घेतो, कागद नंतर.

डब्यावरच्या वेगावर विश्वास

डब्यावरचा वेग हा कंपनीच्या नळीतला असतो, बहुधा २४ इंचांच्या. तुमची नळी २० किंवा १८ इंचांची. माझ्या २० इंची क्रीडमोरला डबा सेकंदाला २७०० फूट म्हणत होता, वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला तर २६०० च्या आसपास. नुसते १०० फूट, असं वाटेल. पण ही गोळी दर १०० यार्डांना साधारण १२५ ते १४० फूट वेग गमावते. म्हणजे पुरेशा वेगानं उमलण्याची हद्द सरळ ७०-८० यार्ड अलीकडे आली. लांब पल्ल्याचं काडतूस निवडताना बघायचं ते हेच: गोळी पोचेल तेव्हा तिच्यात उमलण्याइतका वेग उरलाय का. बऱ्याच शिशाच्या गोळ्यांना १८०० फूट लागतात, काहींना कमी. निखळ तांब्याच्या गोळ्यांना बहुधा जास्त. कॅलिफोर्नियात शिकारीला जाणार असाल तर २०१९ च्या जुलैपासून तिथे शिसं चालतच नाही, तेव्हा हा हिशेब नव्यानं करा.

गोळी खाली पडते त्याचाही अंदाज घ्या. २०० यार्डांवर नेम बसवलेली १४३ ग्रेनची क्रीडमोर ३०० वर सुमारे ८ इंच खाली असते, ४०० वर २२-२३, ५०० वर ४५ च्या घरात. हरणाची हृदय-फुफ्फुसांची जागा मोठ्या मनानं धरली तरी ८ ते १० इंच. ४५० च्या पुढे पन्नास यार्डांचा अंदाज चुकला तर काय होईल ते तुम्हीच बघा. वाऱ्याचं तर मी बोलतच नाही.

माझी हद्द ३५० यार्ड. ती कुठल्या तक्त्यातून आलेली नाही. नऊ इंची कागदी ताट लावतो, सॅक टेकवून बसतो आणि थंड नळीतून एकच गोळी झाडतो. असं वेगवेगळ्या सकाळी दहादा. जिथवर दहाही ताटात बसतात, तिथवर. टेबलावर वाळूच्या पिशव्या मांडून काढलेले ग्रुप (कागदावरच्या भोकांचे पुंजके) मला दाखवू नका.

बाकीच्या

एका काडतुसावर नेम बसवून दुसऱ्यानं शिकार करू नका. "तेच ग्रेन आहेत की!" चालत नाही. एकाच लॉटचे, म्हणजे एकाच खेपेत बनवलेले, चार डबे एकदम घ्या.

नळीचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा पीळ, बघा. १:१० ची (दहा इंचांत एक वेढा) जुनी .२४३ लांबलचक जड गोळ्या स्थिर ठेवू शकत नाही, कागदावर आडवी भोकं पडतात.

ह्यूस्टनला समुद्रसपाटीवर नेम बसवलात आणि ९००० फुटांवर शिकार? इथे पोचल्यावर पुन्हा झाडून बघा.

काडतुसं गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. सांगूनही ठेवतात.

हरणासाठी जोरदार धक्क्याची .३०० मॅग्नम घेऊन डोळे मिटून घोडा ओढणारे मी पुष्कळ पाहिलेत. .३०८ नं हरीण मरतं, १९५२ पासून मरतंय.

एच-वन-बी व्हिसावर असाल तर काडतूस घ्यायच्याही आधी केंद्रीय कायदा वाचा, तो अशा व्हिसावर बंदूक-काडतूस बाळगायला मनाई करतो. वैध शिकार परवाना हा त्यातला अपवाद आहे, पण तो हातात असायला लागतो.

तो मित्र अजून येतो माझ्याबरोबर. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात न विचारता डब्याचा फोटो पाठवतो, चारही बाजूंनी.