ऑमिनस की ऑस्पिशस? शकुन-भविष्याच्या इंग्रजीत या चुका टाळा

नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी लग्नपत्रिकेचं इंग्रजी प्रूफ वाचत होते. कडेनं सोनेरी वेलबुट्टी, वर गणपती आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘ऑन धिस ऑमिनस ऑकेजन’. मुलीचे वडील शेजारीच उभे होते. त्यांनी शब्दकोशात ‘शकुन’ पाहिला, तिथे ओमेन मिळाला. ओमेनचं विशेषण ऑमिनस, म्हणजे शकुनाचा, म्हणजे शुभ, असा त्यांचा हिशोब. अर्थ मात्र झाला होता ‘या अभद्र प्रसंगी’. मी तसं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातला कागद काढूनच घेतला. “मॅडम, हे आत्ता मशीनवर जाणार होतं हो!”

ही चूक मी वर्गात वर्षानुवर्षं पाहते आहे, आणि ती निष्काळजीपणातून होत नाही. ओमेन हे नाम दोन्हीकडे झुकतं: गुड ओमेन आणि बॅड ओमेन, दोन्ही चालतात. ऑमिनस मात्र एकाच बाजूला पडतो, वाईटाच्या. ऑमिनस क्लाउड्स म्हणजे धडकी भरवणारे ढग, ऑमिनस सायलेन्स म्हणजे वादळापूर्वीची शांतता. मराठीत नुसतं ‘शकुन’ म्हटलं की मन शुभाकडे जातं आणि वाईटासाठी आपण ‘अप’ जोडतो. इंग्रजीत तसं नाही. म्हणून या गटातला कुठलाही शब्द उचलण्याआधी तो कुठल्या बाजूला झुकतो, ते आधी पाहा.

पत्रिकेत हवा होता ऑस्पिशस, म्हणजे शुभ. हा शब्द मला फार आवडतो. लॅटिनमध्ये ‘अविस’ म्हणजे पक्षी आणि ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. प्राचीन रोममध्ये मोठं काम हाती घेण्याआधी पक्ष्यांचं उडणं पाहून देवांचा कौल घेत, त्यातून हा शब्द आला. आणि आपल्या ‘शकुन’चा संस्कृतातला एक अर्थ काय? पक्षीच! दारात कावळा ओरडला की आजी पोळ्यांची कणीक थोडी जास्त भिजवायची, कारण पाहुणे येणार. हे एकदा सांगितलं की मुलं ऑस्पिशसचा अर्थ पुन्हा विसरत नाहीत.

याच घरातला दुसरा शब्द पुण्यात फार छळतो. कार्यक्रमांच्या फलकांवर ‘यांच्या संयुक्त विद्यमाने’ असतं, त्याचं इंग्रजी हमखास ‘अंडर द जॉइंट ऑस्पिशस ऑफ’ असं छापलेलं दिसतं. तिथे ऑस्पिसेस हवं. ऑस्पिशस हे विशेषण आहे. विद्यमाने या अर्थाचं नाम ऑस्पिसेस, आणि या अर्थी ते नेहमी अनेकवचनी. फलक रंगवायला देण्याआधी एवढं एकदा तपासाच.

आता मनातली पाल. ‘मनात पाल चुकचुकली’ याचं शब्दशः इंग्रजी करून पाल तिथे नेऊ नका, वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. आधी स्वतःला विचारा, नेमकं काय वाटलं? कुणाच्या बोलण्याबद्दल किंवा व्यवहाराबद्दल शंका आली असेल तर ‘आय हॅड मिसगिव्हिंग्ज अबाउट इट’. कारण सांगता येत नाही, पण काहीतरी वाईट होणार असं सावट मनावर असेल तर ‘अ सेन्स ऑफ फोरबोडिंग’. आणि अमुकच घडणार असं आधीच जाणवलं असेल, जसं की फोन वाजला आणि उचलण्याआधीच बातमी कळल्यासारखी वाटली, तर प्रिमोनिशन. फोरबोडिंग चांगल्या गोष्टीसाठी वापरत नाहीत. ‘आय हॅव अ फोरबोडिंग दॅट आय विल पास’ असं एका मुलीनं मोठ्या आनंदानं लिहिलं होतं. तिला ‘आय हॅव अ गुड फीलिंग अबाउट धिस’ म्हणायचं होतं.

भविष्याच्या क्रियापदांतही असाच गोंधळ होतो. ‘वेधशाळेनं पाऊस प्रॉफेसाय केला’ असं निबंधात आलं की मी मुलांना सिमला ऑफिसची गोष्ट सांगते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकालाही हे नाव पडलं. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव इथेच राहिलं. तिथून निघतो तो अंदाज, म्हणजे फोरकास्ट. त्यामागे नोंदी आणि गणित असतं. मोसमी पाऊस ‘सरासरीइतका’ म्हणतात तोसुद्धा दीर्घकालीन सरासरीच्या ९६ ते १०४ टक्क्यांच्या पट्ट्यात मोजून. भाकीत म्हणजे प्रेडिक्शन, ते शास्त्रज्ञही करतात आणि कट्ट्यावर बसून निवडणुकीबद्दल आपणही. भविष्यवाणी म्हणजे प्रॉफेसी, तिच्यामागे दैवी प्रेरणा मानलेली असते. नामाचा उच्चार प्रॉफेसी, क्रियापदाचा प्रॉफेसाय. स्पेलिंगमध्ये नामात सी, क्रियापदात एस. फोरकास्टचा भूतकाळही फोरकास्टच ठेवला तरी बरोबर.

खिडकीतून सिंहगडाच्या बाजूला आभाळ काळं झालेलं दिसतंय आणि तुम्ही म्हणता, ‘इट विल रेन’. व्याकरण चुकलं नाही, पण कानाला खटकतं. समोर खूण दिसत असेल तर इंग्रजी माणूस ‘इट इज गोइंग टू रेन’ म्हणतो. नुसतं मत असेल तर विल. टेबलाच्या अगदी काठावर पोचलेल्या कपाकडे बघून आपण ‘पडणार तो!’ म्हणतो, तिथेही गोइंग टूच.

‘हे लक्षण ठीक नाही’ यासाठी ‘धिस डझन्ट बोड वेल’. बोडनंतर वेल किंवा इल येतं, गुड किंवा बॅड नाही.

काही शकुनांना मात्र इंग्रजी जोडीदार शोधत बसू नका. डोळा लवतो, हे नुसतं भाषांतर केलं तर ऐकणारा डॉक्टरांकडे जा म्हणेल. बाईचा डावा डोळा लवणं आपल्याकडे शुभ, आणि इंग्रजीतला सिनिस्टर, म्हणजे अशुभ, अभद्र, हा शब्द तर लॅटिनमधल्या ‘डावा’वरून आलेला. तेव्हा अर्धं वाक्य जास्तीचं जोडा: ‘माय लेफ्ट आय हॅज बीन ट्विचिंग ऑल मॉर्निंग; फॉर अ वुमन, वुई टेक दॅट अ‍ॅज अ गुड ओमेन.’