फोल्डिंग दाराचे रबर बदलताना या चुका टाळा

ग्वाल्हेरला मे महिन्यातली पहिली मोठी आंधी येऊन गेली, की फोल्डिंग दारे बसवलेल्या घरांतून ठरलेली तक्रार ऐकू येते. दार नीट लावलेले असते, कडीही घातलेली असते, तरी सकाळी दिवाणखान्यातल्या फरशीवर धुळीचा थर असतो. दाराच्या कडेचे रबर कडक झाले असावे किंवा खालचा ब्रश झिजला असावा, हा घरच्यांचा अंदाज सहसा खराच ठरतो. बिघडते ते त्यापुढे. लोहिया बाजारातून हाताला लागेल ते रबर आणायचे, जुने ओरबाडून काढायचे, नवे अंगठ्याने दाबत न्यायचे आणि तासाभरात हात झटकून मोकळे व्हायचे, अशा घाईने बिघडवलेली दारे पुन्हा जागेवर आणण्यात माझा उन्हाळा जातो. म्हणून वारंवार दिसणाऱ्या चुका एकदा लिहून काढतो आहे.

फोल्डिंग दाराला सांधे फार, हे आधी ध्यानात घ्यावे. चार पल्ल्यांच्या दारात पल्ल्यापल्ल्यांमधले तीन उभे सांधे, चौकटीला भिडणाऱ्या दोन उभ्या कडा आणि वरची व खालची आडवी कड, इतक्या ठिकाणी हवा अडवायची असते. शिवाय या सगळ्या जागी एकाच घाटाचे रबर नसते. कुठे दाबले जाणारे पोकळ, फुगीर रबर असते, कुठे पातळ झुलती पट्टी असते, तर ट्रॅकजवळ केसाळ ब्रश असतो. पाच मीटर रबर घेऊन सगळीकडे तेच ठोकणाऱ्या मिस्त्रीला मी दारात उभे करत नाही.

पहिली चूक झाडूपासून सुरू होते. आंधी थांबली रे थांबली, की घरात केर काढला जातो आणि त्याबरोबर सगळा पुरावाही जातो. धूळ कुठून आली हे ती स्वतःच फरशीवर लिहून ठेवते. उभ्या सांध्याच्या पायथ्याशी पंख्याच्या आकाराचा पसारा असेल, तर त्या सांध्याचे रबर गेले आहे. पूर्ण रुंदीभर बारीक रेघ असेल, तर खालचा ब्रश झिजला आहे. एकाच कोपऱ्यात चिमूटभर ढीग असेल, तर पट्टी शाबूत असून तिचा कोपऱ्यातला जोड उघडला आहे. केर काढण्यापूर्वी मोबाइलवर दोन फोटो काढून ठेवावेत. नंतर पंखा बंद करून, दाराच्या कडेने पेटती उदबत्ती हळूहळू फिरवावी आणि धूर कुठे वळतो ते पाहावे. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी. ती सहज निसटली तर तिथे दाब नाही, अडकत अडकत आली तर ठीक आहे. एवढे केले तर निम्म्या घरांत संपूर्ण दाराचे रबर बदलण्याची गरजच उरत नाही.

जाड रबराचा मोह

ही माझ्या विशेष रागातली चूक आहे, म्हणून तिच्याविषयी विस्ताराने लिहितो.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या वाड्यात मागच्या चौकाकडे चार पल्ल्यांचे ॲल्युमिनियमचे फोल्डिंग दार बसवलेले आहे. तोंड पश्चिमेला, म्हणजे दुपारभर ऊन आणि आंधीही सरळ अंगावर. दाराच्या कुलपाकडच्या पल्ल्यात वरच्या बाजूला फट पडली होती आणि तिथून धूळ येत होती. घरच्या काकांनी कुणाच्या तरी सल्ल्याने मूळ रबराच्या जवळजवळ दीडपट जाडीचे रबर आणून सुताराकडून बसवून घेतले. मी नंतर गेलो तेव्हा ते मला अभिमानाने म्हणाले, “अहो, आता कसं घट्ट बसतंय बघा, खांदा लावल्याशिवाय दार लागतच नाही!” खांदा लावावा लागत होता हे खरे होते. मात्र मधल्या काळात कुलपाकडच्या बिजागरीच्या स्क्रूंची भोके लांबट झाली होती, वर-खाली जाणारी कडी वाकून भोकाच्या कडेला घासत होती आणि हँडल सैल पडले होते. इतके होऊनही वरची फट जशीच्या तशी होती आणि धूळ तिथूनच येत होती.

कारण साधे होते. पल्ला खाली झुकला होता. वरून टांगलेल्या दारात पल्ल्याचा सगळा भार वरच्या ट्रॅकमधल्या रोलरवर आणि त्याच्या बोल्टवर येतो. तो बोल्ट कालांतराने सैल होतो, पल्ला काही मिलिमीटर उतरतो आणि फट तिरकी होते : खाली चिंचोळी, वर रुंद. अशा फटीत जाड रबर घातले, तर ते चिंचोळ्या टोकाला आधीच चेपते आणि पल्ल्याला उलट ढकलते, पण रुंद टोकापर्यंत पोहोचतच नाही. ढकलण्याचा तो जोर बिजागऱ्या आणि कडी सोसतात. काकांच्या दाराचे जाड रबर काढून टाकले, वरचा बोल्ट पान्याने थोडा थोडा फिरवत पल्ला उचलला, फट वरपासून खालपर्यंत सारखी केली आणि मग मूळ मापाचेच रबर बसवले. दार एका हाताने लागू लागले. बिजागऱ्यांचा खर्च मात्र रबराच्या कितीतरी पट झाला.

म्हणून माझा नेम असा, की रबराला हात लावण्यापूर्वी फट मोजायची. त्यासाठी मी एक मिलिमीटर जाडीच्या सनमायकाच्या पट्ट्या खिशात ठेवतो. दार लावून वर, मध्ये आणि खाली किती पट्ट्या सरकतात ते पाहतो. तिन्ही ठिकाणी आकडा सारखा आला, तरच रबराचा विचार. पोकळ रबर दार लागल्यावर आपल्या उंचीच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा दाबले जावे. त्याहून कमी दाबले तर हवा येते आणि फार दाबले तर ते लवकर बसते, म्हणजे एकदा चपटे झाले की पुन्हा फुगत नाही. दार कसे उचलायचे हे ठाऊक नसेल, तर त्या बोल्टला हात न लावता जाणकाराला बोलवावे, कारण काचेचा पल्ला पायावर पडला तर तिथे युक्ती कामाला येत नाही.

जाड रबर येण्याचे आणखी एक कारण म्हणजे चुकीच्या जागी घेतलेले माप. लोक रबर जिथे सर्वांत चपटे झालेले असते, तिथलाच तुकडा कापून दुकानात नेतात आणि दुकानदाराने तसा पातळ माल दाखवला, की धास्तावून त्याहून जास्त जाडी मागतात. तुकडा घ्यावा तो वरच्या कोपऱ्यातला किंवा चौकटीच्या आत लपलेला, जिथे दाब कमी पडतो. त्यातही खाचेत रुतणाऱ्या पायाचे माप सर्वांत महत्त्वाचे, कारण तो पाय अर्धा मिलिमीटर बारीक असला तरी पट्टी लोंबू लागते.

ताणून बसवलेले रबर

तिसरी चूक नवशिक्यांची, आणि घाई असलेल्या जुन्यांचीही. रबर खाचेत घालताना ते एका हाताने ओढत आणि दुसऱ्या हाताने दाबत न्यायचे, म्हणजे काम भराभर उरकते. त्या दिवशी दार देखणे दिसते. मात्र ताणलेले रबर स्वस्थ बसत नाही. ते हळूहळू आपल्या मूळ लांबीवर येते आणि ते आखडणे नेमके कोपऱ्यांत दिसते. मे महिन्याच्या उन्हात मऊ पडलेले रबर ताणून बसवले असेल, तर जानेवारीच्या धुक्यात प्रत्येक कोपऱ्यात बोटाचे टोक शिरेल एवढे भोक पडलेले असते. ग्वाल्हेरला उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो आणि थंडीत पहाटे 5 अंशांच्याही खाली येतो. चाळीस अंशांच्या फरकाने चार मीटर लांबीचे ॲल्युमिनियमसुद्धा साडेतीन मिलिमीटरांहून अधिक कमी-जास्त होते, आणि रबर तर त्याच्या कितीतरी पट. इथल्या हवेत ही चूक लपत नाही.

मी करतो ते असे. वेटोळे आणल्यावर ते आदल्या दिवशी सावलीत मोकळे पसरून ठेवतो, म्हणजे गुंडाळीचा ताण जातो. प्रत्येक तुकडा लागणाऱ्या लांबीपेक्षा शेकडा एक-दोन इतका लांब कापतो, म्हणजे दोन मीटरला दोन ते चार सेंटिमीटर जास्त. आधी दोन्ही टोके कोपऱ्यांत बसवतो, मग मध्यबिंदू, मग मधल्या भागांचे मध्य, आणि उरलेली लांबी दाबत दाबत खाचेत जिरवतो. पाहणाऱ्याला वाटते, की एवढे रबर मावणारच नाही, पण ते मावते. कोपऱ्यात 45 अंशांचा काप घेऊन दोन टोके फेविक्विकच्या एका थेंबाने जोडतो. थेंब एकच, कारण जास्त झाला तर जोड काचेसारखा कडक होऊन तडकतो. सलग रबर फिरवायचे असेल, तर जोड वरच्या आडव्या कडेच्या मध्यावर घ्यावा, खालच्या कोपऱ्यात नव्हे. पाणी खालीच साचते.

नवे रबर खाचेत सरकत नसेल, तर साबणाचे पाणी लावावे. रॉकेल, मशीनचे तेल किंवा ग्रीस लावू नये. दारांना बहुधा ईपीडीएम जातीचे रबर वापरतात. ते ऊन आणि पाऊस वर्षानुवर्षे सोसते, पण खनिज तेलाने फुगते आणि मऊ पडते. ‘जरा तेल सोडा, सुरळीत होईल’ हा सल्ला बिजागरीला लागू आहे, रबराला नाही. रबराला सिलिकॉन स्प्रेचा हलका हात पुरतो.

स्वस्त पीव्हीसीची पट्टी दुकानात रबर म्हणूनच विकली जाते. ती दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होते. ओळखण्याची माझी रीत अशी, की वीतभर नमुना आणून, दुमडून त्याला कपड्यांचा चिमटा लावायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी चिमटा काढल्यावर घडी मोडून तो सरळ झाला तर घ्यावा, घडी तशीच राहिली तर परत करावा. माल हवा आणि तो आजच हवा, अशा गिऱ्हाइकाशी मी वाद घालत नाही.

झुलत्या पट्टीचे तोंड बाहेरच्या बाजूला असावे, म्हणजे वाऱ्याचा जोर तिला चौकटीवर अधिकच दाबतो. उलटी बसवली, तर तोच वारा तिला उचलून आत शिरतो.

चिकट पाठीची फोमची टेप भाड्याच्या घरातल्या एका हिवाळ्यापुरती ठीक आहे. तापलेल्या ॲल्युमिनियमवर ती उन्हाळा काढत नाही.

ब्रशने पाणी अडत नाही, धूळ आणि हवा अडते. केस धरून ठेवणाऱ्या पाठपट्टीची रुंदी मोजूनच तो घ्यावा, कारण 4.8 आणि 6.7 मिलिमीटरच्या पट्ट्या डोळ्यांना फारशा वेगळ्या दिसत नाहीत. बसवल्यावर खाचेच्या टोकाला पकडीने किंचित चिमटावे, नाहीतर दाराच्या उघडझापीत तो सरकत सरकत बाहेर येतो. नवा ब्रश घालण्यापूर्वी ट्रॅकमधली वाळू काढलीच पाहिजे, कारण जुना ब्रश तिनेच खाल्लेला असतो.

खालच्या ट्रॅकमध्ये बाहेरच्या बाजूला छोटी लांबट भोके असतात. धूळ तिथूनच येते असे समजून काही जण ती सिलिकॉनने बुजवतात. ती पाण्याच्या निचऱ्यासाठी केलेली असतात. आषाढात ट्रॅक तुडुंब भरून पाणी दिवाणखान्यात आले, की मग आठवण होते. तसेच रबराच्या खाचेत सिलिकॉन भरून ते ‘पक्के’ करू नये. पुढच्या वेळी ते खरवडताना खाच खराब होते, आणि सिलिकॉनचा पातळ थर राहिला तर त्यावर दुसरे काही चिकटत नाही.

जुने रबर सगळे एकदम काढू नये. एका पल्ल्याचे काढावे, बसवावे, मग दुसऱ्याकडे वळावे. बिजागरीपाशी मूळ रबराला खाच दिलेली असते, ती कुठे आणि किती, हे शेजारचा जुना पल्ला दाखवत राहतो. ती खाच न देता रबर सलग नेले, तर बिजागरी दर वेळी त्याला चावते.

इथल्या थंडीपुरती एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. रबर नीट बसले, की खोली खरोखरच बंद होते. अशा खोलीत कोळशाची सिगडी ठेवून झोपणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि आधी ज्या फटींतून नकळत हवा खेळत होती, त्या आता उरलेल्या नसतात. ज्या घरात सिगडी वापरतात, तिथे मी काम सुरू करण्यापूर्वीच हे सांगतो आणि वरचा झरोका उघडा ठेवायला लावतो.

काम झाल्यावर दार लगेच दहा वेळा उघडझाप करून दाखवू नये. ते कडी घालून रात्रभर बंद ठेवावे, म्हणजे रबर आपल्या जागी बसते आणि कोपऱ्यांतले जोडही सुकतात. पहिले काही दिवस दार जरा जड लागते, ते लागू द्यावे. त्या दिवसांत कडीचे भोक कानशीने मोठे करण्याची सूचना कुणी ना कुणी करतेच. ते मोठे केले, तर रबर बसल्यानंतर कडी त्या भोकात खुळखुळते आणि दार पुन्हा वाऱ्याने वाजू लागते. आठवड्याने कागदाची पट्टी पुन्हा ओढून पाहावी आणि त्यानंतरही एखादी जागा जड वाटली, तर आधी वरचा बोल्ट तपासावा.